चौतिसावं घर

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

हा आकडा मोठ्यानं वाचायला जाऊ नका. मी गेले होते, कोटीच्या पुढे धाप लागली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत संख्यास्थानं परार्धापर्यंत चढतात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापानं हे १८४ परार्ध झाले. शिडी संपली तरी आकडा उरलाच.

इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड नावाच्या गावी ‘हॅलो गेम्स’ नावाची छोटीशी कंपनी आहे. तिनं २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम आणला, त्यात एवढे ग्रह आहेत. माझ्या भाच्यानं हे मला असं सांगितलं, की जणू त्यानंच रात्री जागून ते घडवले. “मावशी, एकेका ग्रहावर फक्त एक सेकंद थांबायचं ठरवलं ना, तरी पुरे व्हायचे नाहीत.” मी हिशोब केला. सुमारे ५८,४५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं धरतात, त्याच्या बेचाळीसपट. पोराचं चुकलं नव्हतं. ‘माइनक्राफ्ट’मध्येही तेच. एकेक जग पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सातपट, आणि अशी वेगवेगळी जगं किती, तर पुन्हा हाच वीस आकडी ऐवज.

आता त्याला जे सांगितलं नाही ते सांगते, कारण त्याचा विरस झाला असता. हे ग्रह कुठेही ठेवलेले नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडे पीठ भिजवून तयार असतं, गिऱ्हाईक आलं की तो घाणा टाकतो. तसं इथे एक सूत्र आहे. तुमचं यान जवळ आलं की सूत्राला ग्रहाचा क्रमांक द्यायचा, डोंगर, गवत, प्राणी सगळं तळून बाहेर. तुम्ही निघून गेलात की कढई रिकामी. क्रमांक चौसष्ट बिटांचा असतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच एक जागा, आणि अशा चौसष्ट जागा संगणकाच्या हातात एका घासाला मावतात. म्हणून दोनचा चौसष्टावा घात. त्यामागे कल्पनेची भरारी वगैरे काही नाही, यंत्राच्या घासाचं माप आहे. गेम बाजारात आला त्याच आठवड्यात दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. १८४ परार्ध ग्रह, पण शेजारी उभा असलेला माणूस दाखवायची सोय तेव्हा नव्हती. ती पुढे आली.

दोनचा चौसष्टावा घात म्हटल्यावर बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवली नाही असा आपल्याकडे कोण असेल? पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजा हसत हसत ‘दिले’ म्हणतो. चौसष्ट घरांचे मिळून वरच्या आकड्यापेक्षा बरोबर एक दाणा कमी. दाणा चाळीस मिलिग्रॅमचा धरला तर ७३,८०० कोटी टन गहू. आज सगळ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांचं पीक. राजा बुडाला, तात्पर्य झालं, गोष्ट संपली.

मला मात्र धंद्यामुळे त्या पटावरचं वेगळंच घर दिसतं. पाचव्या ओळीतलं दुसरं, चौतिसावं. तिथे दोनचा तेहेतिसावा घात दाणे पडतात, ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२. आज पृथ्वीवर माणसं ८२० कोटींच्या आसपास आहेत. म्हणजे अर्धा पट जेमतेम ओलांडला आणि सगळी माणसं संपली. एका माणसाला एक दाणा दिला तरी थोडा उरेल असा हा त्या घरातला गहू भरतो ३,४३६ क्विंटल. दहा टनी ट्रक धरा, पस्तीस ट्रक. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ही रांग कुणी वळून बघणारही नाही. भाच्याच्या ग्रहांना एकेक दाणा द्यायचा तर तेच ट्रक ७,३८० कोटी लागतील.

आणि तरी मला भीती वाटते ती या पस्तीस ट्रकांची.

लहानपणी लाइट गेले की आम्ही ‘ओळख पाहू’ खेळायचो. एकानं मनात कुणाला तरी धरायचं, बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. बाई आहे का? आपल्या वाड्यातली आहे का? प्रश्न चांगला असेल तर प्रत्येक उत्तराला उरलेली माणसं निम्मी होतात. जगातली सगळी माणसं मनात धरायला मोकळी ठेवली, तरी नीट विचारलेले तेहेतीस प्रश्न पुरतात. भारतापुरतं खेळायचं तर एकतीस. महाराष्ट्रापुरतं सत्तावीस. माझ्या कामाच्या भाषेत यालाच म्हणतात, की माणूस म्हणजे तेहेतीस बिटं.

मी पुण्यात डेटाबेसचं काम करते. मीटिंगमध्ये दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी अगदी निष्पाप चेहऱ्यानं म्हणतं, “नाव, नंबर, ईमेल काढून टाकलंय. आता डेटा ॲनॉनिमस आहे.” ग्राहकालाही हेच सांगितलं जातं आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं, की नाव काढलं म्हणजे माणूस काढला. माझ्या मते आमच्या धंद्यातली ही सगळ्यात महागडी अंधश्रद्धा आहे. नावानं तेहेतिसातले थोडेच प्रश्न सुटतात, आणि बऱ्याचदा अगदीच मोजके. पुण्यात ‘कुलकर्णी’ म्हणून हाक मारून बघा.

१९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं अर्थातच काढली होती. विल्यम वेल्ड तेव्हा तिथले गव्हर्नर होते. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं वीस डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार शहरात सहा. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडात राहणारा एक. गव्हर्नरांचं दुखणं-खुपणं वीस डॉलरमध्ये टेबलावर. पुढे तिनं जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं, की जन्मतारीख, लिंग आणि तिथला पाच आकडी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकुलती एक ठरू शकतात.

हेच आपल्याकडे करून बघावं म्हणून मी एका रविवारी कागद घेतला. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो रचला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. केंद्र सरकारात अधिकारी, आणि हौस संस्कृत काव्याची. (संस्कृतात वृत्तं बसवणाऱ्याला सहा आकड्यांत देश बसवणं काय जड जाणार!) आज देशात १९ हजारांवर पिनकोड आहेत. लोकसंख्या १४६ कोटी धरली तर सरासरी एका पिनकोडात साडेशहात्तर हजार माणसं. आता जन्मतारखा. शंभर वर्षांचे दिवस ३६,५२५. बाई की पुरुष, म्हणून दुप्पट, ७३,०५०.

मी पेन खाली ठेवलं. खण ७३ हजार आणि माणसं साडेशहात्तर हजार. जवळजवळ खणाला एक माणूस. हे कुणी ठरवून केलेलं नाही. वेलणकरांना पत्रं पोचवायची होती. पण मॉलच्या काउंटरवर ‘वाढदिवसाची ऑफर’ म्हणून आपण जो कागद भरतो, त्यावरच्या तीन रकान्यांत भारताची एकतिसाच्या एकतीस बिटं बसतात, थोडं इकडेतिकडे. सरासरी फसवी असते हे मान्य. कोथरूडच्या एका पिनकोडात लाखांनी माणसं असतील आणि मेळघाटातल्या एखाद्यात मोजकी. शहरात एका खणात तीन-चार सापडतील. मग चौथा प्रश्न विचारायचा, गाडी कुठली?

पण महाराष्ट्रात या गणिताला एक मोठी फट आहे, आणि ती कुठल्याही संगणकतज्ज्ञानं पाडलेली नाही. ती गुरुजींनी पाडली.

आमच्या घरी अण्णांचा वाढदिवस १ जूनला. थोरल्या काकांचाही १ जूनला. आत्याचाही. आजीनं तीन बाळंतपणं एकाच तारखेला केली असं कुणी समजणार नाही, कारण तुमच्याही घरी हेच असेल. मूल शाळेत आणलं, जन्माची नोंद नाही, बाप म्हणतो, “दुष्काळाच्या साली झाला बघा, मास्तर.” मास्तर वरून खाली बघणार, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहणार आणि दाखल्यावर लिहून मोकळे होणार: १ जून. शाळा जूनमध्ये भरायची, वय पुरं बसवायचं, काम झालं. फेसबुक आलं तेव्हा आमच्या पिढीला याचा पत्ता लागला. ३१ मेच्या मध्यरात्री अर्ध्या गावाला एकदम केक.

बिटांच्या हिशोबात ही गंमत मोजता येते. ‘वाढदिवस कोणत्या दिवशी?’ याचं उत्तर ३६५ दिवसांत सारखं विखुरलेलं असेल तर ते साडेआठ प्रश्नांचं काम करतं. समजा एखाद्या तालुक्यातल्या साठीच्या पुढच्यांत दहापैकी एकाचा जन्म १ जूनचा आहे. मग त्या माणसाची तारीख जेमतेम सव्वातीन प्रश्नांचं काम करते. पाच बिटं गायब! खण साडेछत्तीसपट मोठा झाला, आणि त्यात अण्णा आपल्यासारख्या बाकीच्या जूनकरांच्या गर्दीत खुशाल बसलेले आहेत. गर्दीत लपवण्याच्या या युक्तीला आज संशोधक भारदस्त नावं देतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. गुरुजींनी ती टाक बुडवून केली.

आमचा धंदा यावर म्हणतो, आम्ही नंबर तसा ठेवतच नाही, त्याचा हॅश ठेवतो. हॅश म्हणजे पिठाची गिरणी. नंबर टाकला की चौसष्ट अक्षरांचं पीठ पडतं, आणि पिठाचा परत गहू होत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. मोबाइल नंबराच्या बाबतीत त्याचा उपयोग मात्र शून्य. का? कारण गव्हाच्या जाती मोजक्या आहेत. आपला मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं, म्हणजे नंबर फार तर ४०० कोटी. सगळेच्या सगळे दळून बघायचे, आणि कुठलं पीठ हातातल्या पिठाशी जुळतं ते पाहायचं.

“४०० कोटी दळायचे म्हणजे जन्म जाईल की!” असं परवा एका नव्या मुलानं मला ऐकवलं. इथे पुन्हा भाच्याकडे यावं लागतं. गेममधले ग्रह, गवत आणि पाणी रंगवायला जे ग्राफिक्स कार्ड लागतं, त्यात हजारो लहान लहान गणक एकाच वेळी एकच काम करत असतात. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डात असे १६,३८४ आहेत आणि ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे नऊ. पासवर्ड तपासणाऱ्यांच्या चाचण्यांत हे एक कार्ड शा-२५६ जातीचे हॅश सेकंदाला सुमारे २,२०० कोटी दळतं. देशातले सगळे संभाव्य मोबाइल नंबर सेकंदाच्या पाचव्या भागात. डोळ्याची उघडझाप व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पोरगा गप्प झाला आणि मग त्यानं कार्डाची किंमत विचारली, जी त्याला आधीपासूनच पाठ होती.

न्यूयॉर्कनं हे आधीच भोगलंय. २०१४ साली तिथल्या टॅक्सींच्या एका वर्षाच्या १७ कोटींवर फेऱ्या बाहेर आल्या, परवान्यांचे नंबर दळून. पण परवान्याचा नंबर तीन-चार ठरावीक साच्यांतला, एकूण शक्यता दोन-सव्वादोन कोटी. एका प्रोग्रामरनं काही तासांत सगळं पीठ परत गव्हात आणलं. मग लोकांनी नटनट्यांचे टॅक्सीत चढतानाचे फोटो काढले, त्यावरचा नंबर आणि वेळ पाहिली आणि कोण कुठे उतरलं, किती टिप दिली, तेही शोधून काढलं.

मग नंबरही नको, तारीखही नको, काहीच देत नाही म्हटलं तर? तरी हात हलतातच. ‘बीट सेबर’ नावाचा एक गेम आहे. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा, दोन्ही हातांत तलवारीसारखे दांडे, आणि गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे कापायचे. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी या गेमच्या ५५,५४१ खेळाडूंच्या हालचाली घेतल्या, फक्त डोकं आणि दोन हात. शंभर सेकंदांची हालचाल दाखवली की ५५ हजारांतून तो खेळाडू नेमका कोण हे त्यांचा प्रोग्राम ९४ टक्के वेळा बरोबर सांगत होता. दहाच सेकंद दिले तर ७३ टक्के. जवळजवळ सोळा प्रश्नांची उत्तरं तलवार फिरवण्यात. आजी पायरीवरच्या पावलांच्या आवाजावरून ‘आत्या आली गं’ म्हणायची, तसंच. पण आजीच्या ओळखीची पावलं शे-दोनशे होती.

गेमच्या अटी-शर्तींत ‘हालचालींची माहिती खेळ सुधारण्यासाठी वापरली जाऊ शकते’ असं एक वाक्य असतं. ते वाचून कुणाला धडकी भरत नाही. ‘कॅमेऱ्याची परवानगी’ म्हटलं की आपण सावध होतो, मनगटाचं काय एवढं! आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहितीची व्याख्या ‘जिच्यावरून माणूस ओळखता येतो ती’ अशा अर्थाची आहे आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. व्याख्या चांगली आहे. अडचण एवढीच, की ती मनापासून लावली तर माझ्या टेबलावरून जाणारं काहीही तिच्या बाहेर राहत नाही. आमच्या कायदेविभागाला हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

चहावरून आठवलं. खाली टपरीवर पैसे आता कुणी नोटेनं देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे २,००० कोटी व्यवहार झाले. दिवसाला साडेचौसष्ट कोटी, सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. एवढ्या वादळात माझा दहा रुपयांचा कटिंग कुणाला सापडणार, असं वाटतं ना? २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे कार्डाचे व्यवहार तपासले होते, नावं काढलेले. कुठल्या दिवशी कुठल्या दुकानात, अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९० टक्के माणसं वेगळी काढता येत होती. चार! त्याच अभ्यासाच्या मुख्य संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल टॉवरच्या नोंदी पाहिल्या होत्या, तिथेही चार ठिकाणं आणि वेळा पुरल्या, ९५ टक्क्यांसाठी.

मी स्वतःवर करून पाहिलं. सोमवारी सकाळी टपरी. मंगळवारी संध्याकाळी घराजवळची भाजी. गुरुवारी औषधांचं दुकान. शनिवारी अण्णांकडे जाताना हायवेवरच्या ठरलेल्या हॉटेलात मिसळ. या चारही ठिकाणी, त्याच आठवड्यात, पुण्यात दुसरं कोण गेलं असेल? टपरीवर शेकडो जातात, मिसळीला हजारो. चारही करणारी मीच. हे लिहितानाच मी चारातल्या दोन नोंदी बदलल्यात, कुठल्या ते विचारू नका.

गेल्या १ जूनला मी अण्णांकडेच होते. सकाळी आठपासून त्यांचा फोन वाजायला लागला. बँक, विमा, चष्म्याचं दुकान, एकदाच वापरलेलं बसच्या तिकिटांचं ॲप, सगळ्यांच्या शुभेच्छा. एकानं नावासकट, फुग्यांसकट. अण्णा चष्मा वर करून एकेक वाचत होते आणि खूष होते, कारण त्यांच्या मते सरकारदरबारी झालेला वाढदिवस हा पेन्शनीसारखाच हक्काचा असतो. शेजारचे नाना आले, त्यांचाही आजच. दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या आणि पेढा अर्धा अर्धा घेतला.

खरा वाढदिवस आजी सांगायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची शिंगं रंगवून झाल्यावर, दिवेलागणीला. साल मला माहीत आहे. ते काही मी इथे लिहीत नाही.